सागवनातले खंदक नेमके कुणाचे? इंदूरजवळच्या एका हवाई सर्वेक्षणाचा प्रकरण अभ्यास

इंदुरातल्या मराठी घरांत जुन्या वाटेचा विषय निघाला की ती वाट हटकून अहिल्याबाईंची ठरते. त्याला कारणही आहे. महेश्वर ही त्यांची राजधानी आणि महूच्या पुढे विंध्याच्या कड्यावर १७९१ सालचा जाम दरवाजा अजून उभा आहे. दरवाजा आहे म्हणजे रस्ता होता, रस्ता होता म्हणजे खाली नर्मदेकाठच्या निमाडात उतरणारी प्रत्येक पाऊलवाट होळकरी, इथवर बोलणं सहज जातं. पुढे पुरावा लागतो आणि तिथे ते अडतं.

हे प्रकरण अशाच एका दाव्याचं. महू आणि महेश्वर यांच्या मधल्या पट्ट्यात, विंध्याच्या उतारावर, सागाच्या जंगलाचा एक तुकडा आहे. तिथे 'जुना घाट' आहे आणि घाटाच्या माथ्याशी 'मोर्च्याचा खंदक' आहे, असं आसपासच्या गावांत सांगतात. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी त्यावर बरीच टिपणं काढून ठेवली होती. जागेचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. खंदक म्हटलं की गुप्तधनवाले कुदळी घेऊन पोचतात, आणि एका रात्रीत ते जे उकरतात ते पुन्हा कुठल्याही यंत्राला वाचता येत नाही.

आमचा गट लहान. शिक्षक, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका, ड्रोनने खाणींची मोजणी करणारी दोन तरुण मुलं आणि नकाशांचं काम करणारा मी. सगळे इंदूरचेच, त्यामुळे बैठका मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायच्या. प्रश्न दोनच ठेवले होते. झाडांखाली वाट आणि खंदक खरोखर आहेत का? आणि असतील तर ते कुणी, कशासाठी केले? पहिल्याचं उत्तर मिळणार याबद्दल मला फारशी शंका नव्हती. लेझरने बघितलं तर जंगलात चर दिसतातच. अवघड होता तो दुसरा.

जागा

माळव्याचं पठार इथे एकदम संपतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महेश्वर नर्मदेकाठी दीडशेच्या आसपास, आणि मधला बराचसा उतार विंध्याच्या कड्यावरच उरकतो. त्यामुळे वर-खाली जाणारी माणसं आणि जनावरं पिढ्यान् पिढ्या ठरावीक खिंडींतूनच गेली. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून नेत, त्यांना बांधलेला रस्ता लागत नसे. पुढे १८७०च्या दशकात खांडव्याकडून मीटर गेज रेल्वे आली. तिच्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. पातालपाणीचा घाट चढून गाडी येऊ लागली आणि आसपासच्या बैलवाटांचं महत्त्व ओसरलं.

जंगल कोरडं पानगळीचं. साग, धावडा, सालई, तेंदू, मोह, आणि मोकळ्या जागी घाणेरीचं रान. हे जंगल 'जुनं' दिसत असलं तरी गेली शंभर-सव्वाशे वर्षं ते वनखात्याच्या हाताखालचं आहे. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पडले, लाकूड ओढलं, रोपवनं लावली, चर खणले, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा साफ केल्या. इतिहासाच्या नादात हा सगळा काळ लोक विसरतात. या प्रकरणात मात्र निम्म्याहून जास्त उत्तरं त्याच काळात निघाली.

डोळ्याला का दिसत नाही

हवेतून जुने खंदक शोधण्याची विद्या शंभर वर्षांची आहे. ब्रिटनचे नकाशे करणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेने १९२० साली क्रॉफर्ड यांना पहिला पुरातत्त्व अधिकारी म्हणून नेमलं. त्यांनी हवाई दलाच्या फोटोंवरून १९२३ साली स्टोनहेंजकडे जाणाऱ्या जुन्या वाटेचा हरवलेला भाग दाखवून दिला. बुजलेल्या खंदकात माती खोल आणि ओलसर असते, तिथलं पीक जास्त वाढतं, कोरड्या दिवसांत हिरवं राहतं, आणि वरून बघितलं की शेतात रेघ उमटते. पण हे शेतात. जंगलात वरून शेंडेच दिसतात. म्हणून ब्रिटनमध्येही रानांखालचा भाग नकाशावर बराच काळ कोराच राहिला.

तो भरायला सुरुवात झाली लायडारने, म्हणजे लेझरने अंतर मोजण्याच्या तंत्राने. ग्लॉस्टरशायरमधल्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये वेल्शबरी नावाची लोहयुगीन टेकडी-गढी आहे, पूर्ण झाडीत बुडालेली. केंब्रिजच्या संशोधकांनी विमानातून लेझर टाकून झाडं गाळून टाकली, तेव्हा तिचे तट आणि खंदक स्पष्ट उमटले. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नंतर २००९मध्ये बेलीझमधलं काराकोल, २०१२मध्ये कंबोडियातलं अंगकोर. जगभरच्या बातम्यांत लायडार आला तो या शेवटच्या दोन जागांमुळे. आमच्या कामाला मात्र इंग्लंडमधली साधी रानंच जवळची होती. तिथे राजवाडे सापडले नाहीत. सापडल्या खोल गेलेल्या गाडवाटा, कोळसा पाडणाऱ्यांचे उतारावर कोरलेले गोल ओटे आणि रानाच्या हद्दीचे बांध-खंदक. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे यायचं आहे.

लायडार झाडांच्या आरपार बघतो, असं बातम्यांत छापून येतं. ते खरं नाही. तो फटींतून पोचतो. ड्रोनखाली टांगलेलं यंत्र सेकंदाला दोन लाखांहून जास्त झोत सोडतं. एका झोताचा काही भाग शेंड्याच्या पानाला आपटून परततो, काही फांदीला आणि नशीब असेल तर काही जमिनीला. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर एक नॅनोसेकंद म्हणजे पंधरा सेंटिमीटर अंतर. परत आलेल्या प्रत्येक झोताची वेळ आणि त्या क्षणी ड्रोन कुठे, किती कलला होता याची नोंद जुळवली की बिंदूंचा एक ढग तयार होतो. त्यातले जमिनीवरचे बिंदू वेगळे काढायचे. जिथे एकही झोत जमिनीला लागला नाही तिथे संगणक शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने जमीन भरतो. ती अंदाजाची जमीन नकाशावर गुळगुळीत आणि छान दिसते. तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने एक मीटर बारकाईची देशभराची माहिती फुकट खुली केली आहे. आपल्याकडे तसं आयतं मिळत नाही. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळणारं उंचीचं मॉडेल तीस मीटरचं, म्हणजे एका चौकटीत अख्खी वाट दोन्ही बाजूंच्या झाडांसकट गडप. म्हणून ड्रोन भाड्याने घ्यावा लागला.

उड्डाण

इंग्लंडमध्ये ही उड्डाणं हिवाळ्यात होतात, कारण ओक आणि बीच तेव्हा उघडे पडतात. ते वाचून कुणी डिसेंबरात विंध्यात ड्रोन उडवला तर पैसे पाण्यात. साग इथे फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकतो आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा पालवतो. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. जंगलाला ते घातक आहे, पण जिथे असं जळून गेलं होतं तिथे लेझरला जमीन सगळ्यात स्वच्छ मिळाली. इतर ठिकाणी सागाच्या रुंद पानांचा थर खड्ड्यांत साठलेला असतो आणि खड्डा आहे त्यापेक्षा उथळ दिसतो. घाणेरीने मात्र उन्हाळ्यातही दाद दिली नाही. पानं कमी झाली तरी काड्यांचं जाळं इतकं दाट की झोत वरच अडकतो. नकाशावर ते पट्टे आम्ही सरळ 'माहिती नाही' म्हणून राखाडी केले. नंतर कुणी तिथे 'इथे काही नव्हतं' असं लिहू नये, एवढ्यासाठी.

परवानग्यांचा भाग थोडक्यात सांगतो. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात, जमिनीपासून १२० मीटरपर्यंत उडवता येतं, पण महू ही लष्करी छावणी आणि जंगल वनखात्याचं, त्यामुळे नकाशावर हिरवं दिसलं म्हणून बॅग उचलून निघता येत नाही. एका कार्यालयात कागद अडला, हंगाम निघून जाईल की काय अशी वेळ आली, मग सुटला. गावकऱ्यांशी बोलणं त्याहून महत्त्वाचं ठरलं. २०२०पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते. त्यामुळे आकाशात घरघर आली की पहिला प्रश्न, "जमीन मोजताय का?" वनहक्काचे पट्टे ज्यांचे अजून अडलेले, त्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं. आधी पारावर बसून समजावलं, ड्रोनच्या पडद्यावर काय दिसतं ते दाखवलं आणि मगच उडवला.

उताराची एक तांत्रिक अडचण होती. कड्याच्या माथ्यावरून ड्रोन सोडून एकाच उंचीवर पुढे नेला, तर खालची जमीन शेकडो मीटर निसटते. नियमही मोडतो आणि बिंदूही विरळ होतात. म्हणून जमिनीच्या चढउताराप्रमाणे ड्रोन वर-खाली नेणारा मार्ग आधी आखून दिला. त्यासाठी तेच तीस मीटरचं ढोबळ मॉडेल उपयोगी पडलं.

कापड आणि बांध

जमिनीचे बिंदू वेगळे काढायची एक लोकप्रिय रीत अशी आहे की बिंदूंचा ढग उलटा करायचा आणि त्यावर संगणकातलं कापड सोडायचं. उलट्या ढगात जमीन वर येते, झाडं खाली लोंबतात. कापड जमिनीवर टेकतं, आणि जे बिंदू कापडाच्या जवळ ते जमिनीचे. कापड किती ताठ ठेवायचं ते आपण ठरवतो.

आमच्या मुलांनी खाणीच्या सवयीने कापड ताठ ठेवलं. नकाशावर माथ्याचा खंदक झकास उमटला. लांब, सरळ आणि एका ठिकाणी जवळजवळ काटकोनात वळलेला. शिक्षकांना तर तो मोर्च्याचाच वाटला, आणि खरं सांगायचं तर काटकोन बघितला की कुणालाही गढी आठवते. पण उलट्या ढगात खंदक म्हणजे उंचवटा, त्यावर कापड टेकतंच. बांध मात्र उलटा होऊन अरुंद घळ बनतो आणि ताठ कापड त्यावरून पूल टाकल्यासारखं निघून जातं. बांधाचे बिंदू झुडूप समजून बाहेर फेकले जातात. म्हणजे या रीतीने खंदक राहतो आणि त्याची माती जिथे टाकली तो बांध नाहीसा होतो. खंदक कशासाठी खणला हे तर बांध कुठल्या बाजूला आहे त्यावरून कळतं.

कापड सैल केलं, तशी थोडी झुडपं जमिनीत मिसळली, पण बांध वर आला. तो काटकोनाच्या आतल्या बाजूला होता. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. आत गढी असेल तरी बांध आतच असेल. मग जमीन काढताना बाजूला टाकलेले झाडांचे बिंदू आम्ही परत आणले. आणि तिथे उत्तर होतं. काटकोनाच्या आतले साग ओळींत उभे होते, दोन-दोन मीटरवर, आणि ओळी खंदकाला समांतर. बाहेरची झाडं वाटेल तशी विखुरलेली. आत होतं ते रोपवन. खंदक म्हणजे गुरं आत शिरू नयेत म्हणून रोपवनाभोवती खणलेला चर, ज्याला वनखात्यात सगळे 'सीपीटी' म्हणतात. वर दीडेक मीटर रुंद, मीटरभर खोल, माती रोपांच्या बाजूला. पुढे रेंज ऑफिसच्या रोपवनाच्या नोंदवहीत तो सापडलाही, १९८०च्या दशकातला.

इंग्लंडच्या रानांतले बांध-खंदक याच जातीचे असतात. मध्ययुगात तिथे झाडं बुंध्याशी तोडून नवे फुटवे वाढू देत. ते कोवळे फुटवे गुरांनी खाऊ नयेत म्हणून रानाभोवती खंदक बाहेर आणि बांध आत अशी हद्द घालत. त्यातल्या कित्येक हद्दी सहाशे-सातशे वर्षांच्या आहेत आणि तिथे त्यांना वारसा म्हणून जपतात. विंध्यातला चाळीसेक वर्षांचा आणि तिकडचा मध्ययुगीन, दोन्हींचा आकार एक, काम एक. लेझरच्या चित्रात दोन्ही सारखेच दिसतील. म्हणूनच मला आकारावरून वय सांगणाऱ्यांची भीती वाटते.

चढ मोजल्यावर

वाटांचं प्रकरण जास्त रंगलं. जमिनीचं मॉडेल तयार झाल्यावर पहिलं चित्र नेहमीचं, वायव्येकडून ऊन पाडलेलं. त्यात उतारावर डझनभर रेघा दिसत होत्या. पण या चित्रात उन्हाच्या दिशेनेच जाणारी रेघ सावली पाडत नाही आणि लपते. म्हणून ऊन वेगवेगळ्या दिशांनी पाडलं. शिवाय स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी रूढ केलेली एक रीत वापरली, ज्यात प्रत्येक बिंदूवरून किती आकाश दिसतं ते मोजतात. खळग्यातून आकाश कमी दिसतं, तो काळा येतो, मग तो कुठल्याही दिशेला असो. त्या चित्रात रेघा आणखी वाढल्या. इतक्या की नकाशा बघून आनंद व्हावा की डोकं धरावं कळेना.

यातल्या बऱ्याच रेघा माणसाच्या नव्हत्याच. विंध्याचा हा भाग बेसाल्टच्या एकावर एक थरांचा आहे. कठीण थराची कडा उतारावर सपाट पायरीसारखी बाहेर राहते आणि वरून ती अगदी कोरलेल्या रस्त्यासारखी दिसते. दुसऱ्या होत्या पाण्याच्या ओघळी. तिसरे होते समतल चर, पाणी मुरवायला वनखात्याने खणलेले, एकामागे एक समांतर.

इथे काकांचा अनुभव कामी आला. त्यांनी मॉडेल, सावल्या वगैरे काही बघितलं नाही. म्हणाले, "मला फक्त प्रत्येक रेघेचा चढ काढून दे." काढून दिला. समतल चराचा चढ शून्य, कारण तो तसाच खणतात. बेसाल्टची पायरीही जवळजवळ सपाट. ओघळ सगळ्यात जास्त उताराने सरळ खाली पळते. उरल्या त्या तिरक्या चढणाऱ्या रेघा, आणि त्यांचे स्पष्ट दोन गट पडले.

पहिल्या गटात एकच रेघ. नागमोडी, वळणांवर थोडी रुंद, आणि चढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वीस मीटरला एक मीटर, जेमतेम इकडे-तिकडे. गावात जिला 'अहिल्यामातेचा रस्ता' म्हणतात ती हीच. दुसऱ्या गटात सात-आठ रेघांचा जुडगा. माथ्याच्या खिंडीपाशी सगळ्या एकत्र, खाली येताना फाकलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, कुठे गुडघाभर खोल, कुठे पुसट. चढाला काही धरबंध नाही, काही ठिकाणी सहाला एक.

काकांनी पहिल्या रेघेचा आलेख हातात घेतला आणि हसले. "अरे बाळा, पाणी असं चालत नाही आणि बैलही असा चालत नाही. असा फक्त ओव्हरसियर चालतो."

डोंगरी रस्त्याला वीसला एक हा चढ आजच्या भारतीय रस्ते मानकांतही मूळ प्रमाण म्हणून आहे. तो इतक्या लांबीवर पाळायचा तर उपकरण लावून आखणी करावी लागते. शिक्षकांना हे लगेच पटलं नाही, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता. अठराव्या शतकात घाट बांधणाऱ्यांना चढ कळत नव्हता असं कोण म्हणेल? चढावरून रस्ता कुणासाठी केला ते कळतं, कधी केला ते नाही. लादलेले बैल अवघड चढ चढतात, भरलेल्या गाड्या चढत नाहीत. एवढंच काय ते पक्कं.

कोण कुणाला कापतं

वय नाही तरी क्रम काढता येतो. त्यासाठी छेद बघायचे. दोन रेघा जिथे एकमेकींना भेटतात तिथे कुठली अखंड आहे आणि कुठली तुटली आहे?

आखीव रस्ता जुडग्यातल्या तीन वाटांना छेदतो. तीनही ठिकाणी रस्त्याखाली वाटेचा खळगा भरून काढलेला दिसतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोच खळगा पुन्हा सुरू होतो. म्हणजे वाटा आधीच्या, रस्ता नंतरचा. समतल चर रस्त्यापाशी येऊन थांबतात, पलीकडे पुन्हा सुरू होतात. म्हणजे चर खणले तेव्हा रस्ता वापरात होता, त्याला तोडायचा नव्हता. तेच चर जुडग्यातल्या वाटांमधून मात्र बेधडक आरपार गेले आहेत. चर खणणाऱ्यांच्या लेखी त्या वाटा उरल्याच नव्हत्या.

आधी जुडगा, मग रस्ता, मग चर. चरांचं साल नोंदवहीतून मिळालं, रोपवनाच्याच सुमाराचं. रस्त्याची अलीकडची मर्यादा कोरोनाने दिली. कोरोना म्हणजे अमेरिकेची हेरगिरी उपग्रहांची मालिका. १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर फोटो काढले गेले आणि १९९५ साली ते खुले झाले. चांगल्या फ्रेममध्ये दोन मीटरच्या आसपासची वस्तू ओळखू येते. आमच्या तुकड्याच्या फ्रेममध्ये आखीव रस्ता पांढरी रेघ म्हणून दिसतो, ताजा वापरातला. जुडगा तिथे अजिबात दिसत नाही. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातही त्याच्यावर झाडं होती.

मग प्रत्यक्ष चालून बघितलं. जीपीएसवर रेघ दाखवत असताना तीत उभं राहूनही कळत नाही, इतका खळगा पानांनी भरलेला. पानं सारली की कडा हाताला लागते. खिंडीजवळ उघड्या बेसाल्टवर चाकोऱ्या आहेत का ते बारकाईने पाहिलं. गाड्यांच्या चाकांनी दगडात पाडलेल्या रेघा असत्या तर गाड्यांचा पुरावा झाला असता. जुडग्यात एकही सापडली नाही. पाठीवरून माल नेणाऱ्या जनावरांशी हे जुळतं, आणि वाट फाकत जाण्याशीही. एक पट्टा पावसात धुपला की जनावरं शेजारून जातात, तोही धुपला की त्याच्या शेजारून. आखीव रस्त्यावर मात्र बाहेरच्या कडेला कोरड्या रचाईची दगडी भिंत आहे आणि एका वळणावर वनखात्याचा कंपार्टमेंटचा आकडा कोरलेला दगड.

बरोबर आलेल्या, भिलाला या आदिवासी समाजातल्या एका वयस्क बाबांना आम्ही वाटेबद्दल काही सुचवलं नव्हतं. रस्त्यावरून चालताना त्यांनी आपण होऊन सांगितलं की लहानपणी इथून सागाचे ओंडके बैलगाडीने खाली जायचे. आणि जुडग्याबद्दल? तिकडे ते वळलेही नाहीत. तिथे काही वाट होती असं त्यांनी ऐकलं नव्हतं. मला हे महत्त्वाचं वाटतं. गावाच्या आठवणीने 'अहिल्यामातेचा' म्हणून जपलेला रस्ता बहुधा कूपाचा निघाला, आणि खरी जुनी वाट गावाच्या आठवणीतूनही गेली होती.

निष्कर्ष म्हणून काय लिहिलं

अहवालात आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. माथ्याचा खंदक हा रोपवनाचा गुरं अडवणारा चर आहे, पुरातत्त्वाच्या दृष्टीने त्याला नकाशावर स्थान नको. आखीव रस्ता १९७२पूर्वीचा आणि गाड्यांसाठीचा आहे, लाकूड वाहतुकीशी त्याचा संबंध जुळतो. फाकलेल्या वाटांचा जुडगा या दोन्हींपेक्षा जुना आहे आणि त्याचा वापर प्रामुख्याने लादलेल्या जनावरांचा असावा. 'होळकरकालीन' हा शब्द काढला. शिक्षकांनी तो दोनदा परत घातला, काकांनी दोनदा खोडला. शेवटी शिक्षकांनीच सुचवलं की 'खिंडीतली जुनी बैलवाट' एवढं लिहू आणि पुढचं काम कागदांवर सोपवू. त्यांची नजर आता महेश्वरच्या दफ्तरातल्या जकातीच्या नोंदींकडे आहे. कुठल्या घाटाने किती लादणी आली हे कुठे लिहिलेलं असेल तर तिथेच.

राज्य पुरातत्त्व खात्याला प्रत पाठवली. रेंज ऑफिसला मात्र अहवालापेक्षा रेघांची फाइल हवी होती. त्यांना पुढच्या हंगामात त्याच उतारावर पाणी मुरवण्याचे नवे चर आखायचे आहेत. आम्ही जुडग्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून एक पट्टा आखून दिला आहे. त्या पट्ट्यात चर खंडित ठेवले तर पाण्याचं काम फारसं बिघडत नाही, असं काकांचं गणित फाइलला जोडलं आहे. आखणी मंजूर व्हायची आहे.